मागच्या भिंतीचं सॉकेट

स्तोइलका पारुशेवाशी ज्याचं भांडण झालं नाही असा माणूस आमच्या इमारतीत शोधायचा, तर आठवडाभरापूर्वी जन्मलेलंच कुणीतरी शोधावं लागेल. बाकी चौदा बिऱ्हाडांपैकी प्रत्येकाला तिने कधी ना कधी तोंडावर सुनावलेलं आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरला ती म्हणाली होती, "तुम्ही काढलेल्या दाढेपेक्षा ठेवलेली जास्त दुखते." पोस्टमनला म्हणाली होती, "तुझ्या हातून पत्र यायला एवढा वेळ लागतो की लिहिणारा त्याच्या आधी पोचतो." नवरा मारिन गेला तेव्हा जिन्यात कुजबुज झाली की बिचाऱ्याला अखेर शांतता मिळाली. ती स्तोइलकाच्या कानावर गेली. काळा रुमाल बांधत ती म्हणाली, "शांतता त्याला आधीपासूनच होती. तो ऐकायचाच नाही."

सतराव्या वर्षी ती डोंगरावरच्या खेड्यातून गाब्रोवोत उतरली आणि विजेच्या मोटारींच्या कारखान्यात तारेची वेटोळी गुंडाळायच्या खात्यात लागली. एकतीस वर्षं तिने तांब्याची तार गुंडाळली. बोटांना अशी सवय लागली होती की चर्चमध्ये बसली तरी रुमालाचं टोक गुंडाळत असायची. चौऱ्याहत्तर साली तिथे एक प्रकरण झालं. नव्या मोटारी जळून परत यायला लागल्या. इंजिनिअरने सगळ्या बायकांना ओळीने उभं करून सांगितलं, "गप्पा मारता आणि वेढे चुकवता." बाकीच्या खाली मान घालून उभ्या राहिल्या. स्तोइलकाने दुपारच्या सुट्टीत बॅटरी घेतली, काट्याचे दोन मीटर घेतले आणि एकेका वेटोळ्यावरचा विजेचा दाब मोजला, प्रवाह मोजला. दाबाला प्रवाहाने भागलं की तार वाटेत किती अडवते ते कळतं. त्याला रोध म्हणतात, हे तिला फोरमनने कधीतरी शिकवलं होतं. वेढे बरोबर होते आणि रोध मात्र पाचव्या हिश्शाने जास्त. म्हणजे रिळावर लिहिलंय त्यापेक्षा तारच बारीक होती. हा सगळा हिशेब तिने कागदावर मांडून फलकावर टाचला. तारेच्या गोदामाचा मुख्य निघाला इंजिनिअरचा मेहुणा. तार बदलली, मोटारी जळायच्या थांबल्या आणि स्तोइलकाला दीड वर्ष खोकी बांधायच्या खात्यात पाठवलं.

तिथून परत आली ती जिभेला आणखी धार लावूनच. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. हिचा तर सुंभही जळाला नव्हता.

आता ती सहासष्टची. तळमजल्यावर राहते आणि तळमजल्याला बाल्कनी नाही. ऐन सप्टेंबरात बाल्कनी नसलेल्या माणसाचे काय हाल होतात हे इथल्या कुणालाही विचारा. लाल, वीतभर लांब मिरच्यांची पोती बाजारातून आली की त्या भाजायच्या, सोलायच्या, वाटायच्या आणि त्यांची चटणी, म्हणजे ल्युतेनित्सा, बरण्यांत भरायची. वर्षभर पावाला लावायला तेवढीच. भाजायला घरोघरी विजेची भट्टी असते, चुश्कोपेक. आकार बादलीएवढा, मध्ये मातीची खोल विहीर, विहिरीभोवती तारेची कॉइल. एका वेळी तीन मिरच्या आत सोडायच्या. धूर असा होतो की घरात लावली तर पडदे मार्चपर्यंत वास सोडत नाहीत. म्हणून तळमजल्याची स्तोइलका आणि ज्यांनी बाल्कन्यांना काचा लावून खोल्या केल्या ते सगळे इमारतीच्या मागच्या भिंतीपाशी जमतात. तिथे तीन प्लग लागतील असं एक सामायिक सॉकेट आहे, कुलुपाच्या पत्र्याच्या पेटीत. किल्ली असते मॅनेजरकडे.

मॅनेजर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा नायदेन पान्तेव. आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवलेला माणूस. त्याच्या गाडीत त्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असायचा. निवृत्त झाल्यावर तो ब्रेक त्याने सगळ्या इमारतीला लावला. जिन्यात सायकल नको, अंगणात सतरंजी झटकायची ती फक्त शुक्रवारी, आणि लिफ्टमध्ये कलिंगड नेताना वर्तमानपत्र घाला.

नायदेनची भट्टी सगळ्या अंगणात प्रसिद्ध होती. इतरांना तीन मिरच्या भाजायला पाच मिनिटं लागायची, नायदेनला दीड. "माझी भट्टी वाइनसारखी आहे," तो म्हणायचा. "दर वर्षी मुरते. पहिल्या वर्षी हिलाही पाचच लागायची."

त्यातलं गुपित त्याने लपवलं नव्हतं. उलट तोच सांगत सुटायचा. दर सप्टेंबरात कॉइल कुठेतरी जळून तुटते. दुसरा कुणी नवी आणेल. आमचं गाव मात्र गाब्रोवो. हिवाळ्यात मांजर दारातून जाताना थंडी आत येऊ नये म्हणून तिचं शेपूट कापणारं गाव, असं म्हणून सबंध बल्गेरिया आम्हाला हसतो, आणि आम्हीही ते अभिमानाने सांगतो. तर नायदेन जळका तुकडा कापून टाकायचा, उरलेली टोकं एकमेकांत पिळायचा आणि कॉइल ओढून खाचांत पुरवायचा. नऊ वर्षांत नऊ वेळा. "तार कमी, म्हणजे वीज खाणारं तोंड लहान," असं त्याचं शास्त्र.

त्या वर्षी सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी मागच्या भिंतीपाशी तिघं बसले होते. नायदेन सकाळपासून, चौथ्या मजल्यावरची इलिंका नऊपासून आणि स्तोइलका दहा वाजता पिशवीभर मिरच्या घेऊन आली. तिने भट्टीचा प्लग लावला आणि मिनिटभरात फ्यूज उडाला. जिन्यातले दिवे गेले, बेल गेली. नायदेनने फ्यूज बदलला. स्तोइलकाने पुन्हा लावला, पुन्हा उडाला. तिसऱ्यांदा उडाला तेव्हा नायदेन हातातला चिमटा खाली ठेवून उभा राहिला.

"पाहिलंत?" तो इलिंकाला म्हणाला. "आपण तासभर भाजतोय, काही नाही. ही आली की अंधार."

"तुझी भट्टी बघ आधी," स्तोइलका म्हणाली. "लाल नाही, पांढरी तापलीय ती."

"माझी दीड मिनिटात काम करते, बाई. तुमची पाच मिनिटं नुसती वीज पीत बसते. तरी माझी बघ?"

चोराच्या उलट्या बोंबा ऐकून तिच्या नाकाला झोंबलं, तेही भाजलेल्या मिरचीपेक्षा जास्त. पण इलिंकाने मान वळवली नाही, आणि हे तिला जास्त लागलं. इलिंकाला लग्नानंतर चटणी करायला शिकवली होती ती स्तोइलकानेच.

शुक्रवारी सकाळी बाजारातला माणूस स्तोइलकाच्या दारात साठ किलो मिरच्या टाकून गेला. तो बाहेर पडत नाही तोच नायदेनने प्रवेशदारावर कागद चिकटवला: 'बिऱ्हाड क्रमांक दोनला मागचं सॉकेट वापरण्यास मनाई. रविवारी दहा वाजता सभेत ठराव कायम होईल.' खाली सही आणि शिक्का. शिक्का त्याने स्वतःच्या खर्चाने करून घेतला होता.

स्तोइलका तिसऱ्या मजल्यावर गेली आणि बेल न वाजवता दारावर थाप मारली.

"नायदेन्या, मिरच्या चार दिवस टिकतात. नंतर त्यांचा चिखल होतो."

"मग तळमजला का घेतलात? बाल्कनी असलेलं घर घ्यायचं."

"मला तुझी भट्टी मोजू दे. दोन मिनिटांचं काम आहे."

"माझ्या भट्टीला हात लावाल तर पोलिसात जाईन."

"जा. चालत जा, गाडी चालवू नकोस. तुझ्या हाताखाली शिकलेली पोरं अजून रस्त्यावर आहेत."

दार आपटलं. स्तोइलका खाली आली आणि दोन्ही पोत्यांची तोंडं उघडून मिरच्या स्वयंपाकघराच्या फरशीवर पसरल्या, तेवढीच हवा लागावी म्हणून. चुलीपासून पलंगापर्यंत लाल. हा ठराव कायम झाला तर या साठ किलोंचं करायचं काय, हे तिला कळत नव्हतं. आणि पुढच्या सप्टेंबरचं काय, त्याच्या पुढच्या सप्टेंबरचं काय? आतापर्यंत मनाई झाली ती तिच्या बोलण्याला. ती तिने कधीच मानली नव्हती. पण कुलूपबंद पेटीपुढे जीभ काय करणार?

शनिवारी तिने पलंगाखालून एक लाकडी बोर्ड काढला. कारखाना बंद पडताना लोकांनी खुर्च्या नेल्या, टेबलं नेली, एकाने तर साहेबाच्या खोलीचं दार नेलं. स्तोइलकाने हा बोर्ड आणला होता: तीन सॉकेटं, वर दोन मीटर. एक दाब दाखवतो, व्होल्टमध्ये, दुसरा प्रवाह, अँपिअरमध्ये, पंचवीसपर्यंत. तिने तो पुसला, आपली भट्टी लावून पाहिली. काटा चारवर थांबला. तेवढंच तिला हवं होतं. आता प्रश्न एकच होता: नायदेन त्याची भट्टी या बोर्डाला का लावेल?

ती नायदेनला ओळखत असल्यामुळे त्याचं उत्तर तिला ठाऊक होतं.

रविवारी दहाला सभा मागच्या अंगणातच भरली. तेरा बिऱ्हाडं आली होती. दंतवैद्य झोपेच्या कपड्यांवर कोट घालून आला होता. नायदेनने ठराव वाचला आणि "कोणाला काही म्हणायचं आहे का?" असं विचारलं, म्हणजे कोणालाही नाही अशा सुरात.

"मला एकच म्हणायचंय," स्तोइलका म्हणाली. "दीड मिनिटाची थाप आहे ती. अडीचच्या खाली कुठलीही भट्टी भाजत नाही. हा माणूस घड्याळ लपवून भाजतो."

नायदेनचं तोंड मिरचीच्या रंगाचं झालं. "थाप? मी? इलिंका, सांग यांना!"

"दीडच लागतं, मावशी," इलिंका म्हणाली. "मी पाहिलंय."

"तू त्याच्याच शेजारी बसतेस. उंदराला मांजर साक्ष. इथे सगळ्यांसमोर भाजून दाखव म्हणावं, माझ्या बोर्डावर, डॉक्टरांच्या घड्याळावर. जमलं तर मी स्वतः ठरावाला हात वर करते."

नायदेन थेट घरात गेला आणि भट्टी छातीशी धरून आणली.

"आधी मी आणि इलिंका," स्तोइलका म्हणाली. "ठरावात लिहिलंयस ना, मी आले की फ्यूज उडतो? मग आज मी आधी लावते आणि तू शेवटी."

तिने बोर्ड पेटीतल्या सॉकेटला जोडला आणि त्यात आपला प्लग लावला. काटा चारवर गेला. इलिंकाला हाताने खूण केली. इलिंका जरा नाखुशीने पुढे झाली आणि तिने आपला लावला. काटा आठवर. स्तोइलकाने व्होल्टचा मीटर सगळ्यांना दाखवला. त्या दिवशी निदान एकदा वीज मंडळाने पूर्ण दोनशे वीस दिले होते. पाच मिनिटं सगळे उभे राहिले. फ्यूज शांत. दोघींच्या सहा मिरच्या काळ्या होऊन निघाल्या.

"आता या, दीड मिनिटवाले."

नायदेनने तीन मिरच्या टाकल्या, प्लग लावला आणि हात कमरेवर ठेवून उभा राहिला. काटा आठवरून एकोणीसवर उडाला. भट्टीच्या विहिरीत पांढरा उजेड पडला. डॉक्टर घड्याळ वाचू लागला: "दहा सेकंद... वीस... तीस..." चाळीस म्हणायच्या आत पेटीत टप्प झालं. काटे शून्यावर आले आणि आत जिन्यातला दिवा गेला.

कुणीतरी हसलं. नायदेन म्हणाला, "त्यांनी बोर्डात काहीतरी केलंय."

स्तोइलकाने खिशातून खडूचा तुकडा काढला आणि भिंतीवर लिहायला लागली. सार्वजनिक भिंतीवर लिहायला मनाई होती. ती पाटी तिच्या डोक्यावरच होती.

"आठवरून एकोणीसवर गेला. म्हणजे याच्या एकट्याचे किती? अकरा. फ्यूज दहाचा. अकरा तो कसेबसे झेलतो, इलिंकाचे चार धरून पंधराही तासभर झेलतो, धापा टाकत का होईना. मी आले की एकोणीस, आणि तो मरतो. शेवटची काडी माझी, पण उंटावरचं ओझं कुणाचं?" खडू कर्रकन वाजला. "आता दाबाला प्रवाहाने भागा, रोध निघतो. माझी: दोनशे वीसला चारने. पंचावन्न ओहम. कारखान्यातून निघाली तेव्हा होते तेवढेच. याची: दोनशे वीसला अकराने. वीस! पस्तीस ओहम याने कापून कचऱ्यात टाकलेत, एकेक सप्टेंबर करून."

"कापली म्हणजे कमीच झाली ना!" नायदेन ओरडला. "कमी तार, कमी वीज!"

"तार अडवते रे बाबा! अडवणारी कमी केलीस की वीज मोकाट सुटते. फाटक लहान केलं की कमी गाई जातात, पण तू फाटक लहान केलं नाहीस, कुंपणच उखडलंस." तिने आणखी एक ओळ लिहिली. "दाब गुणिले प्रवाह. माझी आठशे ऐंशी वॉट. तुझी दोन हजार चारशे वीस. तीन भट्ट्या एकट्याने घेऊन बसतोस आणि मला म्हणतोस वीज पितेस."

नायदेन भिंतीकडे बघत होता. त्याचे ओठ हलत होते. तो गुणाकार करत होता. गाब्रोवोचा माणूस पराभव सोसेल, पण हिशेब तपासल्याशिवाय नाही.

"एक मिनिट," तो म्हणाला. "आठशे ऐंशी, पाच मिनिटं. चार हजार चारशे. माझे दोन हजार चारशे वीस, दीड मिनिट." त्याने खडू तिच्या हातातून हिसकावला. "तीन हजार सहाशे तीस! तीन मिरच्यांमागे माझीच कमी खाते! आता बोला!"

स्तोइलकाने भिंतीवरचे आकडे पाहिले. चौऱ्याहत्तर साली तिने इंजिनिअरला जे करायला लावलं होतं, म्हणजे दुसऱ्याचा हिशेब मान्य करणं, ते आता तिला स्वतःला करावं लागणार होतं, आणि तेही या माणसासमोर.

"बरोबर आहे," ती म्हणाली. शब्द तोंडातून दाढेसारखा निघाला. "पोटात कमी जाते. पण फ्यूज पोट बघत नाही, नायदेन्या, घास बघतो. एका वेळी केवढा तोंडात कोंबलास एवढंच त्याला कळतं. तू त्याचा गळा दाबतोस आणि वर त्याला सांगतोस की मी लवकर सोडीन."

"ठराव ठरावच आहे! हात वर करा!" नायदेनच्या तोंडून 'तुम्ही' आता गळून पडलं होतं. "हिला बंदी! म्हातारे, तू अख्ख्या जिन्याला तीस वर्षं छळलंयस!"

हे खरं होतं, आणि तेच धोक्याचं होतं. सहा हात वर गेले. दंतवैद्याचा सगळ्यात आधी. स्तोइलकाने मोजलं. सातवा पोस्टमनच्या बायकोचा, अर्धवट. तो किंवा आणखी एखादा हात पूर्ण उठला असता, तर बंदी कायम झाली असती. सगळ्यांचे डोळे इलिंकाकडे गेले.

इलिंका आपल्या भट्टीतून निघालेल्या काळ्या मिरच्यांकडे बघत होती. "मावशीशी मला काही घेणंदेणं नाही," ती म्हणाली. "पण नायदेनकाकांची भट्टी लागली की माझीही अर्ध्यात विझते. तीन वेळा कच्च्या मिरच्या सोलल्यात मी. त्यांनी एकट्यानेच भाजावं, दुसरं कुणी लावलेलं नसताना. माझा हात याला."

ज्यांना कच्च्या मिरच्या सोलाव्या लागल्या होत्या त्यांचे सगळ्यांचे हात हळूहळू वर गेले. पोस्टमनच्या बायकोने अर्धवट हात खाली घेऊन पुन्हा पूर्ण वर केला. सात विरुद्ध सहा.

"ठीक आहे," नायदेन म्हणाला. "मग आधी मी. आज दिवसभर एकटा."

"क्रम पोत्यांचा," स्तोइलका म्हणाली. "माझी शुक्रवारी आली, तुझी नवी काल. इमारतीचा जुना नियम आहे. तुझीच सही आहे त्याच्याखाली."

किल्ली त्याने तिच्या हातात दिली नाही, बाकावर टाकली. तिने ती उचलली, फ्यूज बदलला आणि भट्टी लावली.

साठ किलो मिरच्या, तीन-तीन करून, पाच-पाच मिनिटं. रविवार गेला, सोमवार गेला. पूर्वी मिरच्या सोलायला चार बायका तिच्याभोवती बसायच्या. या वेळी त्यांनी खुर्च्या उचलून सफरचंदाच्या झाडाखाली नेल्या आणि पाठ करून बसल्या. सभेत ती जिंकली होती, पण दाढा आणि पत्रं अजून कुणी विसरलं नव्हतं. स्तोइलकाने एकटीने सोललं. बोटं भाजली, नखांत काळं गेलं. सोमवारी दुपारी नायदेन खाली आला. त्याच्या पोत्याच्या तळाला ओल आली होती, हे जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला वासावरूनच कळत होतं.

"अजून किती?"

"दिसतंय ना." तिने पोत्याकडे हनुवटी केली. "आत्ता लावायची असेल तर लाव. तार पूर्ण लांबीची घाल. माझ्याकडे नवी आहे, पंचावन्न ओहम मोजून देते. दहा मिनिटांत बसवून होईल."

ती खरंच देणार होती. नायदेनने क्षणभर तिच्या हातातल्या वेटोळ्याकडे पाहिलं.

"तुझ्या हातची तार?" तो म्हणाला. "त्यापेक्षा मिरच्या डुकरांना घालीन."

आणि त्याने तसंच केलं. संध्याकाळच्या आत पोती गाडीत टाकून मेहुण्याच्या गावाला नेली. परत आल्यावर तिसऱ्या मजल्याची खिडकी धाडकन लावली, धुराचं कारण सांगून.

स्तोइलकाची शेवटची दहा किलो उरली होती तेव्हा इलिंका झाडाखालून उठली, आपली खुर्ची घेऊन जवळ आली आणि बसली. एक मिरची सोलून दिली. मग दुसरी. स्तोइलकाने ती नाकारली नाही.

"मावशी," इलिंका आवाज खाली घेऊन म्हणाली, "ते तीन हजार सहाशे तीस तर खरंच ना? म्हणजे तार कापली की वीज वाचते, असंच ना? माझीही थोडी कापून द्याल? फार नाही, अर्धीच. आम्ही पहाटे भाजू, कुणी नसताना. झाडाखालच्या सगळ्या जणी विचारतायत."

स्तोइलकाने झाडाकडे पाहिलं. उरलेल्या तिघींनी तोंडं इकडे वळवली होती आणि प्रत्येकीच्या मांडीवर आपापली भट्टी होती, पालथी घालून, तळाचे स्क्रू काढून.

"उठ," ती इलिंकाला म्हणाली. "खुर्ची घे आणि तिकडे जाऊन बस."